आजोळाचा रकाना

शिट्टी फुंकणाऱ्याला शिव्या देणं हा कोल्हापुरात गुन्हा नाही, रिवाज आहे. दुपारी स्टेडियमवर ज्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्यालाच संध्याकाळी चौकात गाठून "चला पावणं, च्या घेऊ" म्हणणारी माणसं ही. मनात काही नसतं. पण हे ज्याला उमगतं तोच पंच म्हणून टिकतो, आणि उमगायला वेळ लागतो. अठरा-वीस वर्षांचं पोरगं तेवढा वेळ कुठलं थांबायला? ते घरी जातं, शिट्टी ट्रंकेत टाकतं आणि परत म्हणून मैदानाकडं फिरकत नाही.

आकाराम मिस्त्रीचं सगळं दुखणं हे होतं.

मिस्त्री उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत लाकडी साचे करायचा. अर्धं सूत इकडचं तिकडं झालेलं त्याला खपायचं नाही. रविवारी तो फुटबॉलचा पंच. वीस वर्षं पळाला, मग गुडघे बोलायला लागले. १९९४ साली राज्य संघटनेनं त्याच्या गळ्यात नवीन पोरं बांधली. जिल्ह्यातून तरुण पंच शोधायचे, शिकवायचे, परीक्षेला बसवायचे, आणि मुख्य म्हणजे टिकवायचे, राज्याच्या कुमार स्पर्धांना पंच कमी पडता कामा नयेत. पदाचं नाव हातभर लांब. हातात काय, तर एक वही, शिट्ट्यांचा एक डबा आणि मिसरूड फुटलेली पोरं.

दर वर्षी संघटनेचा छापील कागद यायचा. किती पंच घेतले, किती राहिले, जे गेले ते का गेले. पहिल्या वर्षी मिस्त्रीनं कारणांच्या रकान्यात लिहिलं: शिव्या. लग्न. शिव्या. नोकरी. शिव्या. घरचे नको म्हणतात. लिहून झालं आणि त्या शेवटच्या कारणाकडं तो बघतच बसला.

त्याला त्याची आई आठवली. तिनं जन्मात एक मॅच बघितली नाही. तिला एवढंच ठाऊक, की पोरगा रविवारी काळे कपडे घालून कुठंतरी जातो आणि सोमवारी नळावरच्या बायका आपल्याला त्याच्यापायी कायबाय ऐकवतात. "कुटं काय वंगाळ करत न्हाईस न्हवं रं?" असं ती विचारायची आणि हा हसण्यावारी न्यायचा. आई गेली ती तसंच समजून गेली. तिला समजावून सांगायला ह्याला वीस वर्षांत एक दुपार मिळाली नाही, काय म्हणावं ह्या माणसाला!

"पोरगं मैदानावरनं जात न्हाय," मिस्त्री त्या दिवशी बायकोला म्हणाला. "घरातनं जातंय. आईनं नको म्हंटलं की संपलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पोस्टातून पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला. तेव्हापासून त्याचा नेम पडला. पोरानं मॅच घेतली, की त्याच संध्याकाळी मिस्त्री पोस्टकार्ड लिहायचा. पोराला नाही, पोराच्या आईला.

"सौ. दानम्मा यांस सा. न. वि. वि. तुमच्या संगमेशनं आज गडमुडशिंगीच्या मैदानावर दोन शाळांचा सामना घेतला. ऑफसाइड दोनदा दिला, दोन्ही बरोबर. पळताना एकदा घसरून पडला, पण हसून उठला. कपड्यांना चिखल आहे. भिजत घालू नका, आधी वाळू द्या, मग झटकून धुवा. काळजी नसावी. आपला, आकाराम मिस्त्री."

मिस्त्रीची बायको बाळाबाई. तिची जीभ म्हणजे गिरणीचा पट्टा, एकदा फिरायला लागली की थांबायची नाही. ती शेजारणीला सांगायची, "आमच्या माणसाला जिल्ह्यातल्या समद्या बायकांचं पत्तं पाठ हायत. माझ्या म्हायारचा तेवढा इसरतोय." मिस्त्री खाली मान घालून लिहीत राहायचा.

पण पोरं टिकायला लागली, हे खरं. दुसऱ्या जिल्ह्यांत दहातले दोन उरायचे, इथं सत्तावीसातले एकोणीस उरले. २००२ साली राज्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "मिस्त्री, तुमची पोरं टिकतात कशी?" मिस्त्री नुसता हसला. मनातून फुगला होता बेटा. म्हणूनच पुढचा दणका बसला तो सरळ नाकावर बसला.

त्या एकोणिसांत एक कामिल होता. मुरगूडचा, वीस वर्षांचा. बाप बिद्रीच्या साखर कारखान्याच्या ट्रकवर, हंगामात घरी नसायचाच. आई ताजबी शिवणकाम करायची. धाकटी बहीण अफसाना शाळेत. कामिल सोळाव्या वर्षी मिस्त्रीकडं आला तेव्हा शिट्टी फुंकतानासुद्धा लाजायचा. चार वर्षांत असा तयार झाला, की बघत राहावं. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. शिट्टी एकदाच वाजायची आणि बावीस जण जागच्या जागी. जानेवारीत कोल्हापुरातच सोळा वर्षांखालची राज्य स्पर्धा होणार होती, तिथून वरच्या परीक्षेसाठी पोरं निवडणार होते. मिस्त्रीनं पहिलं नाव कामिलचं कळवलं होतं. स्वतःला जिथं जाता आलं नाही तिथं हे पोरगं जाईल, हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण बाळाबाईला न सांगता कळत होतं.

त्याच्या आधी डिसेंबरात गावातल्या तालमींची कुमार स्पर्धा. आता तालीम म्हणजे एकेकाळचा कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात दर पेठेला आपली तालीम आणि दर तालमीला आपला फुटबॉलचा संघ. माणूस ज्या पेठेत जन्मला त्या तालमीचा, मरेपर्यंत. जात बदलेल, पक्ष तर रोजच बदलतो, तालीम बदलत नाही. म्हणून मिस्त्रीच्या वहीत प्रत्येक पंचापुढं रकाने होते: नाव, गाव, पेठ, तालीम. ज्याची जी पेठ, त्याला त्या पेठेची मॅच नाही. आठ वर्षं ह्या वहीवर एका माणसाला बोट ठेवता आलं नव्हतं.

अंतिम सामना ठरला बुरूज तालीम आणि चिंचेची तालीम ह्यांच्यात. दोघींचं पिढीजात वाकडं. मिस्त्रीनं वही उघडली. कामिलच्या पुढं गाव मुरगूड, पेठ कोरी, तालीम कोरी. पोरगं ना कुणाच्या अध्यात ना मध्यात! त्यानं डोळे झाकून त्याचं नाव लिहिलं.

सामन्याच्या दोन दिवस आधी कामिल फौंड्रीत आला. मिस्त्रीच्या हातात पटाशी होती.

"सर, ही मॅच मला नको. दुसरी कुठलीबी द्या."

"पंचाला नको म्हणायची सोय न्हाय," मिस्त्री वर न बघता म्हणाला. "भ्या वाटतंय व्हय?"

"भ्या न्हाय सर."

"मग झालं तर."

 कामिलनं पायानं भुसा इकडंतिकडं केला आणि तो गेला. का नको, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण मिस्त्रीला साचा संपवायचा होता.

सामना रंगला. एकएक गोल झालेला, शेवटची चार मिनिटं. चिंचेच्या पोरानं मारलेला बॉल गोलात जाताना बुरूजच्या पोरानं कोपर बाहेर काढून अडवला. कामिल आठ हातांवर होता. शिट्टी वाजली. पेनल्टी. गोल. चिंचेची तालीम जिंकली.

बोंबाबोंब झाली, ती होणारच होती. मिस्त्रीनं आणि दोघा पोलिसांनी कामिलला सुखरूप बाहेर काढलं. इथवर सगळं रिवाजाप्रमाणं. मग तासाभरानं बुरूजच्या कुणीतरी कामिलला चिंच गल्लीच्या तोंडाला चमनच्या सायकल दुकानामागं पाय धुताना बघितलं.

"काय रं चमन, रेफ्रीचं पाय तुझ्या टाकीत?"

"भाचा हाय माझा," चमन अभिमानानं म्हणाला. बिचाऱ्याला त्यातनं पुढं काय होईल ह्याचा पत्ता नव्हता.

झालं! रेफ्री चिंचेचा भाचा! अर्ध्या तासात सगळ्या बुरूज पेठेत झालं. चमनचं दुकान चिंच गल्लीत, दारावर चिंचेच्या तालमीचा झेंडा, आणि गिऱ्हाईक निम्मं बुरूज पेठेचं. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली सगळ्या त्याच्याकडंच यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरूज तालमीचा कारभारी पिराजी, पाच म्हशींचा धनी, स्वतः आला, पंक्चर काढायला टाकलेली आपली सायकल तशीच ढकलत घेऊन गेला. त्याच्यामागं बाकीचे. कुणी पाण्याची टाकी लाथेनं उलथली. जात कुणी काढली नाही, धर्म कुणी काढला नाही. पेठ काढली. कोल्हापुरात तेवढी पुरते. आणि कुणीतरी शहाण्यानं मुरगुडात ताजबीच्या शेजारी फोन करून सांगितलं, की तुमचं पोरगं मामासाठी बेइमानी करतंय.

मंगळवारी कामिल फौंड्रीत आला. बाकावर त्यानं काळा शर्ट ठेवला, धुऊन इस्त्री केलेला. त्यावर शिट्टी, बिल्ला आणि नियमांचं पुस्तक.

"मामाचं दुकान बंद पडाय लागलंय सर. अम्मी म्हणतीय, पुरे."

"तू सांगायचं न्हाईस व्हय, मामा तितं राहतोय म्हणून?"

"सांगाय आलतो की, सर."

एवढं बोलून पोरगं गेलं. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्याच्या हातून पटाशी निसटली आणि चांगला साचा वाया गेला.

त्या सामन्याचं पोस्टकार्ड त्यानं लिहिलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा. लिहायचं काय? दोन आठवडे तो घरात घुम्यासारखा बसून राहिला. राज्य संघटनेचा कागद आला होता, पुढच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत पंचांची अखेरची यादी पाठवायची होती, शुक्रवारी स्पर्धा. कारणाच्या रकान्यात त्यानं कामिलपुढं "शिव्या" लिहिलं आणि खोडलं. बाळाबाई भाकरी थापता थापता सगळं बघत होती.

"काय लिवायचं सुचंना व्हय?"

"वहीत समदं हाय गं. गाव हाय, पेठ हाय, तालीम हाय..."

"आणि आईचं म्हायार?" बाळाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "आठ वर्सं आयांस्नी पत्रं लिवतोस, पर बाईला म्हायार असतंय ह्ये तुला कवा सुचलं न्हाय. माझं सुचत न्हाय, तितं दुसरीचं काय सुचणार!"

ही बाई रोज बडबडते, पण आजचं बोलणं खिळ्यासारखं बसलं. त्यानं वही ओढली, पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर नवा रकाना आखला: आजोळ. मग त्या आठवड्यात एकेका पोराला गाठून विचारत सुटला. एकोणिसांतल्या सहा जणांची आजोळं भलत्याच पेठांत निघाली! एकाचा तर मामाच बुरूजचा गोलकीपर. म्हणजे आठ वर्षं वहीला बोट लागलं नव्हतं ते हुशारीनं नव्हे, निव्वळ नशिबानं.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मिस्त्री मुरगूडला गेला.

ताजबीचं घर बाजारपेठेच्या मागं. ती दारातच मशीनवर बसली होती. मिस्त्रीला तिनं कधी बघितलं नव्हतं, तरी बघताच ओळखलं. अफसानाला सांगून पाणी दिलं, चहा ठेवायला लावला. कामिल घरात होता, तो बाहेर आला नाही.

मग ताजबीनं मशीनचा ड्रॉवर ओढला. आत पोस्टकार्डांचा जुडगा, ब्लाउजच्या काठानं बांधलेला.

"एकतीस हायत," ती म्हणाली. "अफसाना वाचती, मी ऐकती. पाहुणं आलं की त्येंनाबी वाचून दावती. माझ्या पोरानं आज ह्ये केलं, त्ये केलं. मला मॅचमधलं काय कळत न्हाय मिस्त्री, पर ही पत्रं मला पाठ हायत."

मिस्त्रीचा ऊर भरून आला. पण ताजबीचं संपलं नव्हतं.

"ह्यात समदं चांगलंच लिवलंय. वंगाळ एकदाबी न्हाय. आणि ज्या दिवशी वंगाळ झालं, त्या दिवशी तुमचं पत्रच न्हाय! माझ्या पोराचं मला फोनवर परक्यानं सांगितलं. मला वाटलं, मिस्त्रींनी लिवलं न्हाय, म्हणजे पोरानं खरंच कायतरी केलंय."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. आपलं न लिहिणं हे एका आईनं असं वाचलं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगं गेलं ते शिव्यांनी नाही, मामाच्या दुकानानंसुद्धा नाही. ते त्यानं न लिहिलेल्या एका पोस्टकार्डानं गेलं.

"चूक माझी हाय, भाभी," तो म्हणाला. "पोरगं सांगाय आलतं. म्या ऐकलं न्हाय. पेनल्टी एकशे एक टक्का बरोबर हुती. आत्ता लिवून देतो, हितं बसून."

"मला नको." ताजबीनं मान हलवली. "मला तुम्ही सांगितलं, पोचलं. माझ्या भावाची इज्जत जितं गेली, तितं लिवा."

सोमवारी सकाळी मिस्त्री फौंड्रीत खाडा करून बुरूज तालमीपुढं गेला. तालमीच्या भिंतीला मोठा काळा फळा आहे. कोण वारलं, कुणाचा नंबर आला, उद्या पाणी येणार नाही, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जातं, आणि फळ्यावर आलं की पेठेला ते पटतं. कट्ट्यावर पिराजी किटल्या धुवत बसला होता, भोवती दहा-बारा माणसं.

"मिस्त्री, हिकडं कुटं वाट चुकलाईसा?"

"खडू दे," मिस्त्री म्हणाला.

"कशाला?"

"लिवायचंय."

पिराजीला गंमत वाटली. त्यानं खडू दिला. मिस्त्रीनं फळा पुसला आणि साच्यावर आखतो तशा सरळ ओळींत लिहिलं:

"दि. १५ डिसेंबरच्या सामन्याला पंच नेमताना मी त्याचं आजोळ विचारलं नाही. पंच स्वतः येऊन मला ही मॅच नको म्हणाला होता. मी ऐकलं नाही. चूक पंचाची नाही, त्याच्या मामाची नाही, माझी आहे. पेनल्टी बरोबर होती. आकाराम मिस्त्री."

माणसं गोळा झाली. कुणी मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळींना "बरोबर हाय, चूकच हाय तुमची" झालं, दोघांनी तोंडभर शिव्याही दिल्या. शेवटच्या ओळीला मात्र कालवा उठला. पिराजी ओले हात पुसत उठला आणि त्यानं फडकं उचललं.

"वरचं ऱ्हाऊ दे. खालची वळ पुसतो."

"मग समदंच पूस," मिस्त्री म्हणाला. "अर्धं खरं माझ्या नावानं नको. पिराजी, तू गोलाच्या मागंच उभा हुतास. हात लागला न्हवता?"

"लागला की!" पिराजी खेकसला. "ढळढळीत लागला. म्या काय आंधळा हाय?"

"मग?"

"मग काय? पेनल्टी आमच्यावर दिल्यावर टाळ्या वाजवायच्या व्हय?"

कट्टा फिदीफिदी हसला. पिराजीलाही हसू आवरेना, पण त्यानं ते मिशीत दाबलं. "भाचा म्हंटल्यावर डोस्कं फिरलं बघा. ते आधी सांगितलं असतंसा, तर पंच बदलून घेतला असता, इषय संपला असता."

"आधी मलाच ठाव नव्हतं. तेच लिवलंय न्हवं?"

पिराजीनं फळा परत एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. ओठ हलवत, सावकाश. मग फडकं खाली टाकलं. "ऱ्हाऊ दे. पाऊस याय अजून पाच म्हैनं हायत," म्हणाला आणि किटल्यांकडं वळला.

दुपारी त्याची सायकल चमनच्या दुकानापुढं उलटी उभी होती, तेच जुनं पंक्चर काढायला. उलथलेली टाकीही कुणीतरी सरळ करून भरून ठेवली होती. पिराजीनं माफीबिफी मागितली नाही, मागणारा गडीच नव्हे तो. "मागचं चाक लई दिस बोंबलतंय, जरा बघ" एवढंच म्हणाला. चमनला तेवढं पुष्कळ झालं.

मुरगूडहून मात्र काही कळेना. मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन करावा असं मिस्त्रीला दहादा वाटलं. पण पोराला गळ घालायची नाही, एकदा न ऐकता पाठवलं तेवढं बास झालं, असं त्यानं ठरवलं होतं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत यादी द्यायची होती. मिस्त्री घरी जेवायला आला तेव्हा कागद टेबलावर होता, पहिल्या नावाची जागा तेवढी मोकळी. फौंड्रीतनं घरी आणलेला कामिलचा काळा शर्ट खुंटीला. अकरा वाजले होते. मिस्त्रीनं पेन उघडलं, झाकलं, परत उघडलं.

तेवढ्यात दारात पोस्टमन ओरडला. मिस्त्री उठला, तर पोस्टमन म्हणाला, "तुमचं न्हाय. बाळाबाईंचं हाय."

"माझं?" बाळाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. "मला कोण लिवतंय बाई? माझ्या म्हायारात समदी अंगठाबहाद्दर."

तिला चष्म्याशिवाय दिसेना. तिनं पोस्टकार्ड नवऱ्यापुढं धरलं. अक्षर शाळकरी पोरीचं, गोल गोल. मिस्त्री वाचायला लागला.

"सौ. बाळाबाई यांस मुरगूडहून ताजबीचा सलाम. तुमच्या मिस्त्रींनी सोमवारी चौकात सगळ्यांच्या देखत स्वतःची चूक लिहिली. माझ्या भावानं फोनवर सगळं सांगितलं. लोकं बरंवाईट बोलली, पण तुमचा माणूस हलला नाही. एक ओळ पुसायला निघाले तर तीही पुसू दिली नाही. सदऱ्याला खडू लागला असेल. भिजत घालू नका, आधी झटकून घ्या. त्यांनी चार वर्षं माझ्या पोराला सांभाळलं, दर खेपेला मला कळवलं. पण त्यांचं तुम्हाला कुणी कधी कळवलं नसेल, म्हणून मी लिहिते आहे. तुमचा माणूस चांगला आहे. कामिल शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं येतो आहे, त्याचा शर्ट तयार ठेवा. काळजी नसावी. तुमची, ताजबी."

"काळजी नसावी"पाशी मिस्त्रीचा आवाज फुटला. पुढचं नाव त्यानं कसंबसं वाचलं आणि उंबऱ्यावर खाली बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, वीस वर्षं अख्ख्या स्टेडियमच्या शिव्या खाऊन ज्याच्या डोळ्यात टिपूस आला नाही, तो लहान पोरासारखा रडायला लागला. असं एक पोस्टकार्ड आईच्या हातात पडलं असतं, तर? नळावरच्या बायकांपुढं तिनं ते कसं नाचवलं असतं! आपण पोरं टिकवली म्हणून आपण बैठकीत छाती फुगवली. पोरं टिकवली ह्या बायकांनी. दानम्मानं चिखल वाळू दिला, ताजबीनं पत्रं काठानं बांधून ठेवली, आणि ज्यानं नेमक्या वाईट दिवशी पोस्टकार्ड पाठवलं नाही, त्याच्याकडं तिनं आपलं पोरगं परत पाठवलं. वर त्यालाच टिकवलं. किती म्हणून उपकार मानायचे माणसानं!

"बास आता," बाळाबाई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ते तिनं पिठाच्या हातानं पुसले आणि गाल पांढरा करून घेतला. "बारा वाजाय आलं. नाव लिव त्या पोराचं आदी."

मिस्त्रीनं उठून मोकळ्या जागी कामिलचं नाव लिहिलं.

बाळाबाईनं हात धुतले, फडताळातून चष्मा काढला, त्याच्या गठ्ठ्यातलं एक कोरं पोस्टकार्ड ओढून घेतलं आणि त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"काय करतीस?"

"उत्तर नको व्हय द्यायला? बाईनं लिवलंय मला." ती टेबलाशी बसली, पदर खोचला. "मुरगूडचा पत्ता सांग. पाठ हाय न्हवं तुला?"